काड, कडबा आणि वाफ

माझी सगळी नोकरी वाफेत गेली. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी एकोणतीस गळीत हंगाम बॉयलरवर काढले. शिक्षण आयटीआयपर्यंतचं. इतिहासाची पदवी नाही, कुणा मार्गदर्शकाचा हात डोक्यावर नाही. रात्रपाळीत एक डोळा पाण्याच्या काचेवर ठेवायचा आणि दुसऱ्याने वाचायचं, एवढ्यात जे साधलं ते साधलं. वाचनाचा विषयही त्यामुळे आपोआप ठरला : आपल्या भागात यंत्रं कशी आली, कुणी आणली, आणि कुठली आलीच नाहीत.

यातला शेवटचा प्रश्न मला फार वर्षं छळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत वाफेचं इंजिन शेतात उतरलं आणि मळणी, नांगरट, लाकूड चिरणं अशी नाना कामं त्याने केली. आपल्याकडे वाफ आली नाही असं नव्हे. 1853 साली ती बोरीबंदरहून ठाण्याला गेली. गिरण्यांत आली. खानदेश-वऱ्हाडात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगपर्यंत आली, म्हणजे जवळजवळ बांधापाशी आली. पण बांध ओलांडून आत काही ती आली नाही. तुरळक प्रयोग सोडले तर दख्खनचा शेतकरी बैलावरून थेट डिझेल इंजिनावर गेला. मधली वाफेची पन्नास-साठ वर्षं आपल्या शेतीच्या इतिहासात कोरीच राहिली.

याची ठरावीक उत्तरं पुस्तकांत मिळतात. तुकड्या-तुकड्यांची शेती, स्वस्त मजुरी, भांडवलाची चणचण, कोळशाचं अंतर, पाण्याची टंचाई. सगळी बरोबर आहेत, आणि एका ग्रंथालयातल्या व्याख्यानात मीही तीच ऐटीत सांगितली होती. गेल्या वर्षी अमेरिकेत माझ्या वडिलांनी एक साधा प्रश्न विचारला, आणि त्या यादीत जे पहिल्या क्रमांकावर असायला हवं होतं तेच मी गाळलं होतं, हे ध्यानात आलं.

माझी मुलगी आणि जावई शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. आबांना एक्याऐंशीव्या वर्षी विमानात बसवावं की नाही यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी तेच म्हणाले, ‘‘नातीचं घर बघून यिऊ, मग काय ती काळजी करा.’’ गेलो. लेबर डेच्या जोडसुट्टीत कुठे जायचं असं मुलीने विचारलं. तिच्या मनात नायगारा होता. मी माउंट प्लेझंटचं नाव काढलं. आयोवा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं हे लहानसं गाव. तिथे 1950 सालापासून लेबर डेला धरून जुन्या मळणीवाल्यांचा पाच दिवसांचा मेळावा भरतो, ‘ओल्ड थ्रेशर्स रियुनियन’. वाफेची इंजिनं, मळणीयंत्रं, जुने ट्रॅक्टर, सगळं चालू स्थितीत. ‘‘इथं येऊनही बॉयलरच का?’’ असं पत्नीने विचारलं, पण शनिवारी पहाटे साडेपाचला दशम्यांचा डबा घेऊन गाडीत सर्वांत आधी बसली तीच. आम्ही पाच मोठे आणि सहा वर्षांचा पणतू.

शिकागोहून पश्चिमेला निघालं की शहर संपता संपत नाही. मग एकदम मका आणि सोयाबीन सुरू होतं ते थेट मिसिसिपीपर्यंत. आबा पुढच्या सीटवर होते. दीड तासात ते एकच वाक्य बोलले : ‘‘बांध कुठं हाईत रं ह्यांचं?’’

वाटेत हायवे सोडून आम्ही ग्रँड डिटूरला वळलो. रॉक नदी इथे मोठा वळसा घेते, त्यावरून गावाला नाव पडलं. 1836 साली व्हर्मांटहून आलेला जॉन डीअर नावाचा लोहार इथे भाता लावून बसला. त्याचं दुकान कुठे होतं ती जागा 1962 साली उत्खनन करून शोधून काढली गेली आणि त्यावर आता छप्पर बांधलं आहे. शेजारी त्या धर्तीवरचं चालतं लोहारकाम दाखवतात. आपल्याकडे राजवाड्याचं उत्खनन होतं. लोहाराच्या भट्टीचं कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रेअरीची काळी माती कसदार होती, पण लोण्यासारखी चिकट. पूर्वेकडून आणलेल्या नांगरांच्या लाकडी किंवा ओतीव लोखंडी फळीला ती धरून बसायची आणि नांगऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर थांबून फळी खरवडावी लागायची. डीअरने 1837 साली मोडक्या करवतीच्या पात्यापासून घासूनपुसून चकचकीत केलेला नांगर बनवला, त्यावरून माती आपोआप निसटू लागली, ही कथा तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. अभ्यासकाने मात्र इथे जरा थांबावं. इलिनॉयमध्येच लॉकपोर्टच्या जॉन लेनने 1833 साली करवतीच्या पोलादाचा नांगर केला होता. आणि डीअरचा 1838 चा जो नांगर आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, त्याची माती पलटणारी फळी घडीव लोखंडाची आहे. पोलाद आहे ते फाळाला. शोध एकाच माणसाच्या नावावर लावायची आपल्याला घाई असते, मग देश कुठलाही असो.

आबा नांगरापाशी उकिडवे बसले. हात लावायची परवानगी नव्हती, तरी त्यांनी फळीच्या वळणावर हवेतून हात फिरवला. ‘‘किर्लोस्करांच्या नांगराचं असंच पोट हुतं,’’ म्हणाले.

किर्लोस्करांची गोष्ट वाचकांना नव्याने सांगायला नको, पण पुढच्या मुद्द्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. 1903 साली लोखंडी नांगर काढला. तो खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगाने भरलेलं माळरान दिलं, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमचं मूळ गाव आटपाडी भागातलं. तोही तेव्हा औंध संस्थानात होता. आबांचा जन्म संस्थानी प्रजा म्हणूनच झाला.

लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि म्हणून तो दोन वर्षं खपला नाही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. समजूत असेलही. पण आमच्या घरातली हकीकत वेगळी आहे. माझ्या आजोबांनी लोखंडी नांगर घ्यायला फार उशीर केला आणि विचारलं की सांगायचे, नांगर परवडतो, पण त्याला जास्तीचे बैल लागतात, त्यांना वर्षभर घालू काय? नांगर खोल जायचा, हरळीची मुळं उपटून काढायचा. त्यासाठी दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागत. आपल्या दावणीला एकच जोडी. मग वारंगुळ्याने दुसऱ्याचे बैल आणायचे, आपले द्यायचे. एका शेतकऱ्याच्या हिशेबाला अंधश्रद्धा म्हणणं सोपं असतं, विशेषतः लिहिणारा कारखान्याच्या बाजूला बसलेला असला की.

आणखी एक बारीक गोष्ट. नांगराच्या आधी लक्ष्मणरावांनी जे यंत्र बनवलं ते कडबा कापायचं. हे मी डझनभर ठिकाणी वाचलं होतं आणि डझनभर वेळा पान उलटून पुढे गेलो होतो.

डीअर 1848 साली मिसिसिपीच्या काठी मोलिनला गेला, आम्हीही गेलो. तिथे हिरव्या-पिवळ्या रंगाचे चकाचक ट्रॅक्टर आहेत, पणतवाने त्यांच्यावर चढून घेतलं. नदी ओलांडली आणि आयोवा लागलं. पहिला चालण्याजोगा पेट्रोल ट्रॅक्टर याच राज्यात 1892 साली जॉन फ्रोलिकने बनवला, म्हणजे वाफेचा काळ आणला तो इथल्या माणसांनी आणि बुडवलाही त्यांनीच.

माउंट प्लेझंटला गाडी लावली तेव्हा आधी वास आला. कोळशाचा धूर आणि तापलेलं सिलिंडर तेल. नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. मी काही न बोलता नुसता उभा राहिलो. मुलीने विचारलं, ‘‘बाबा, बरं वाटत नाहीये का?’’

मैदानात इंजिनं ओळीने उभी होती. पाहणाऱ्याला ती रेल्वेची वाटतील, पण रूळ नाहीत. मागे माणसाच्या उंचीची लोखंडी चाकं, पुढे लहान चाकं साखळीने वळवायची, मधे आडवा बॉयलर आणि वर भलंमोठं फ्लायव्हील. सर्वांत जास्त दिसत होती ती केस कंपनीची, पृथ्वीच्या गोलावर बसलेला गरुड हे त्यांचं चिन्ह. विस्कॉन्सिनमधल्या रसीनच्या जेरोम केसने 1842 साली मळणीयंत्रांनी सुरुवात केली, 1869 साली पहिलं वाफेचं इंजिन बनवलं, पण ते घोड्यांनी ओढत न्यावं लागे. 1876 पासून स्वतः चालणारी इंजिनं आली. 1920 च्या दशकात उत्पादन थांबेपर्यंत या एका कंपनीने सुमारे 36 हजार वाफेची इंजिनं बनवली. असे आणखी कितीतरी कारखानदार होते.

एका म्हाताऱ्या चालकाला जावयाने इंग्रजीत सांगितलं की हे माझे सासरे, बॉयलरवाले. त्याने मला वर घेतलं. दाबाचं घड्याळ पाहिलं, दहा किलोच्या आसपास. आमच्याकडे 21 किलोचे जुने बॉयलर होते, नंतर 45 चे आले. पण काच तीच, नळ तेच, आणि डोळा जातो तोही आधी पाण्याच्या काचेकडेच. भट्टीच्या डोक्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली बुडालेला पाहिजे. पाणी उतरलं की तो लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबाने खाली फाटतो. 2001 सालच्या जुलैत ओहायोतल्या मेडिना इथे अशाच एका केस इंजिनाचा जत्रेच्या मैदानावर स्फोट झाला आणि पाच माणसं गेली. कारण पाणी कमी, पत्रा झिजलेला. त्यानंतर ओहायोत हौशी लोकांच्या जुन्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला. जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं. वाफ हौस ओळखत नाही. त्या चालकाने बोट काचेवर ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आमच्यात त्याहून जास्त भाषेची गरज पडली नाही.

दुपारी मळणी होती. इंजिन एका टोकाला, मळणीयंत्र दुसऱ्या टोकाला, मधे लांबच लांब पट्टा. त्या काळी हे पट्टे दीडशे फुटांपर्यंत असत, कारण धुराड्यातून ठिणग्या उडतात आणि समोर वाळलेलं पीक असतं. पट्टा मधे एकदा पिळलेला असतो म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. शिट्टी झाली, फ्लायव्हील फिरलं, पट्ट्याने ताण घेतला आणि ते सगळं लाकडी-पत्र्याचं धूड थरथरू लागलं. गाड्यावरून दोघेजण गव्हाच्या पेंढ्या आत टाकत होते. आतला दातांचा रूळ ओंब्या फोडतो, चाळण्या हलतात, पंखा भुसकट उडवतो. एका नळीतून गहू पोत्यात आणि दुसऱ्या मोठ्या धुराड्यासारख्या नळीतून काड भर्रकन् लांब फेकलं जातं. बघता बघता पिवळाजर्द ढीग उभा राहिला.

एवढं महागडं यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडत नसे. इंजिनवाला गावोगाव फिरायचा आणि आठ-दहा किंवा अधिक कुटुंबं मिळून त्याला बोलवायची. आज माझ्याकडे मळणी, सगळे माझ्या रानात, उद्या तुझ्याकडे. जेवण त्या घरच्या बायकांनी घालायचं. मी आबांना समजावलं तर म्हणाले, ‘‘इर्जिकच की.’’ इर्जिकीत गावाचे नांगर एकाच्या रानात उतरतात आणि मालक जेवण घालतो. ते इतक्या सहज म्हणाले की मी वही काढून लिहून घेतलं. हे वर्तुळ मोडलं ते 1930-40 च्या दशकांत, कापणी आणि मळणी एकदम करणारा कम्बाइन आला तेव्हा. शेजाऱ्याची गरज राहिली नाही. म्हणूनच बहुधा दहा वर्षांत, 1950 साली, त्यांना मेळावा भरवावासा वाटला.

आणि मग तो प्रश्न आला. आबा बराच वेळ काडाच्या ढिगाकडे बघत होते. इंजिनाकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, ‘‘ही काड कुणाच्या जनावरांस्नी?’’

जावयाने तिथल्या स्वयंसेवकाला विचारून सांगितलं : गोठ्यात अंथरायला वापरतात.

‘‘अंगाखाली?’’

‘‘हो.’’

‘‘आन् पयल्या काळात एवढी निगत असंल तवा?’’

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा अर्थ मला कळला नव्हता. पयल्या काळात पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत, डाकोटात, मळणी संपली की काडाचे ढीग पेटवून देत. लाकूड नाही, कोळसा लांबून आणायचा, म्हणून तिथे कंपन्यांनी खास काड जाळणारी इंजिनं विकली. एक माणूस दिवसभर काट्याने काड भट्टीत सारायचा. इंजिन मळणी करायचं, मळणीतून काड निघायचं, काडावर इंजिन चालायचं.

हे ऐकून आबा जरा बाजूला जाऊन उभे राहिले. ‘‘गव्हाचं काड आपलीबी जनावरं हौसनं खात न्हाईत,’’ ते म्हणाले, ‘‘पर येळंला खात्यात.’’

मला बॉयलरवाला म्हणून हे आधी सुचायला हवं होतं. वाफ जळणावर चालते आणि शेतातलं वाफेचं इंजिन शेतातल्याच टाकाऊवर सर्वांत स्वस्तात चालतं. पण टाकाऊ म्हणजे काय हे ठरवतं कोण? प्रेअरीवर माणसं थोडी, जमीन अफाट, घोड्याला ओट आणि गवत मुबलक. तिथे काड ही अडचण होती. माणदेशात, सोलापुरात, मराठवाड्यात ज्वारीची ताटं हे अर्धं पीक. अर्धं म्हणतो ते जपून. काही वर्षी अर्ध्याहून जास्त. कणसं खुडून खळ्यावर न्यायची, तिवड्याभोवती बैलांची पात धरायची, आणि कडबा पेंढ्या बांधून बुचाडाला किंवा गंजीला लावायचा. दाणा पायलीने मोजतात तसा कडबा शेकड्याने. मुलीचं स्थळ बघायला गेलं तरी दारापुढची गंज आधी बघायची. तोच कडबा बैल खाणार, तोच बैल मळणी करणार, त्याच्याच शेणाने चूल आणि रान चालणार. या साखळीत इंजिनाच्या तोंडात घालायला काहीच उरत नाही. आमच्याकडे काड जाळणारं इंजिन म्हणजे बैलाच्या तोंडचा घास जाळणारं इंजिन. कोळसा आणून ते चालवलं असतं, तरी ज्या बैलाचं काम ते काढून घेतं तो बैल दावणीला होताच. मळणी केली काय न केली काय, त्याला कडबा लागणारच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं पहिलं यंत्र आता मला वेगळं दिसू लागलं. ज्या मुलखात कडबा पुरवून पुरवून घालायचा, तिथे पहिलं यंत्र कडबा कापायचंच निघणार. आख्खी पेंढी टाकली तर जनावर पाला ओरबाडतं आणि बुडखा तुडवतं; बारीक कुट्टी केली तर सगळं पोटात जातं. केसच्या यंत्राने काड लांब फेकून द्यायची सोय केली आणि किर्लोस्करांच्या यंत्राने काडी न काडी वाचवायची. दोघेही आपापल्या गिऱ्हाइकाला नीट ओळखत होते.

या तर्काची उलटतपासणीही करता येते. मग दख्खनच्या शेतात वाफ कुठेच टिकली नाही का? टिकली : उसात. चरकातून निघालेलं चिपाड जनावर खात नाही. गुऱ्हाळात ते वाळवून काहिलीखाली चुलाणात घालायची रीत जुनीच. वाफेवरचा साखर कारखाना आला, तेव्हा त्याने तीच रीत मोठ्या प्रमाणावर उचलली. वालचंद हिराचंदांचा रावळगावचा कारखाना 1933 चा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला तो 1950 च्या सुमारास. या कारखान्यांचे बॉयलर बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, चालतात. आणि उसाचं वाढं, ते जनावर खातं, म्हणून ते तोडीतच वेगळं होतं. ऊसतोड कामगार ते बैलाला घालतात नाहीतर विकतात. वरचं वाढं दावणीला, खालचं चिपाड भट्टीत. एका ताटात इतकी चोख वाटणी दुसऱ्या कुठल्या पिकात नाही. मी एकोणतीस वर्षं जे जाळलं, ते कुठल्याच जनावराच्या तोंडचं नव्हतं, म्हणून मला जाळता आलं.

रात्री एका मोटेलात मुक्काम केला आणि रविवारी परत निघालो. मिसिसिपी ओलांडल्यावर आबा आपणहून बोलायला लागले. त्यांचं बोलणं एवढं लांब मी कधी ऐकलं नव्हतं.

‘‘दुष्काळात मिलो आली हुती. ती हितलीच न्हवं?’’

हो, म्हणालो. 1972-73 च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो म्हणजे अमेरिकेतली ज्वारीच. त्या पिढीच्या माणसांना तिची चव अजून आठवते, आणि कुणीही ती चांगली होती असं म्हणत नाही.

‘‘दाणं आलं बोटीतनं. कडबा कोण आणतंय?’’

मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. घरात खिल्लार बैलांची जोडी होती हे मला माहीत होतं, ती ‘दुष्काळात गेली’ हेही. गेली म्हणजे मेली असं मी आजवर धरून चाललो होतो. आबांनी सांगितलं की ती त्यांनी खरसुंडीच्या बाजारात नेऊन विकली. पावसाळा कोरडा गेला होता, गंज संपली होती, पाहुण्यांकडून मागून आणलेल्या पेंढ्याही संपल्या होत्या. घराच्या छपराचं काड काढून घातलं, आठवडाभर. छावणीची वाट बघायला धीर राहिला नाही. बाजारात सगळे विकायलाच आलेले. व्यापाऱ्याने जो आकडा सांगितला तो घेतला.

‘‘कुठं नेणार त्ये इचारलं न्हाई मी,’’ आबा म्हणाले. ‘‘इचाराय पायजे हुतं.’’

मागच्या सीटवर पत्नी रडत होती. जावई गाडी चालवत होता, त्याने रेडिओ बंद केला.

पुढच्या वर्षी आबा वाळवा तालुक्यात ऊसतोडीला गेले. मी कारखान्यात लागलो त्याची सुरुवात तिथून आहे. लोखंडी नांगर परड्यात बरीच वर्षं पडून होता, मग भंगारात गेला. ते काम मी केलं, किलोवर मोजून. आज त्याची किंमत कळते, पण तेव्हा नोकरी नवी होती आणि मला परडं मोकळं हवं होतं.

परत आल्यावर मिलोचा धागा काही सुटेना. एका कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून ज्वारीच्या वाणांचे जुने अहवाल चाळले. अमेरिकेत ज्वारी पूर्वी उंचच होती. उंच ताट कम्बाइनच्या तोंडात नीट जात नाही, लोळतं, म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या पैदासकारांनी कमरेएवढे बुटके वाण तयार केले. त्यांना काड नकोच होतं, त्यामुळे तोटा कुणाचाच नव्हता. आता भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-1. तो 1964 साली प्रसारित झाला आणि वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्रभर गेला. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत आला तो या ज्वारीवर बसून. दाणा भरपूर. पण पावसात सापडली की काळी पडायची, भाकरीला चव नाही, आणि ताट ठेंगणं. कडबा नाही, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. या सीएसएच-1 चा मादी वाण अमेरिकन. अहवालात त्याचं नाव नुसतं ‘सीके 60’ असं आलं होतं. सीके म्हणजे काय ते शोधलं. कम्बाइन काफिर.

काफिर ही ज्वारीची आफ्रिकेतून गेलेली एक जात. कम्बाइन म्हणजे तो कम्बाइनच. ज्या यंत्राने आयोवातली इर्जीक मोडली, त्याचं नाव आमच्या विहिरीखालच्या तुकड्यात पेरलेल्या बियाण्याच्या आईला होतं. आमच्या गावात ज्वारी काढायला कम्बाइन आजपर्यंत आलेला नाही. त्याच्या मापाने बेतलेलं पीक मात्र साठ वर्षांपूर्वी येऊन गेलं. हायब्रीडने माणसं जगवली हे मी नाकारत नाही. मिलोची वेळ पुन्हा येऊ नये म्हणूनच तर ते आणलं होतं. पण त्या वाणाच्या निवडीत बैलाला कुणी विचारलेलं दिसत नाही.

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजी मशीनच्या तोंडाला बसंल अशी केली व्हय,’’ आणि अंगणात गेले.

गेल्या रब्बीला त्यांनी चुलतभावाकडून पाऊण एकर मालदांडी पेरून घेतली. मोहोळला निवडलेला हा जुना वाण. पुरुषभर उंच होतो, आणि कडब्यासाठीच लोक अजून तो सोडत नाहीत. दारात आता एक गाय आणि एक कालवड आहे, बैल नाहीत. काढणी झाल्यावर आबांनी पेंढ्या स्वतः मोजून घेतल्या, दोन वेळा, आणि आकडा मला फोनवर कळवला. कुट्टीच्या यंत्राला मोटर बसवली आहे, बटण दाबलं की चालतं. पेंढी आत सारायचं काम मात्र ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. खाली सांडलेली कुट्टी खराट्याने लोटून पाटीत भरतात आणि गाईपुढे टाकतात.